वाचनालयाचा सर्व्हर: झॅम्प रोज हाताने चालू करू की विंडोज सर्व्हिस करू?

ग्रंथमित्र_सातारा: नमस्कार मंडळी, गावच्या वाचनालयात पुस्तकांच्या देवघेवीचा पीएचपी या वेब प्रोग्रामिंग भाषेतला छोटा प्रोग्राम आहे, ऑफिसातल्या विंडोज ११ च्या पीसीवर झॅम्प (वेब सर्व्हर अपाची आणि डेटाबेस मायएसक्यूएल एकत्र देणारं पॅकेज) टाकून चालवतो आणि काउंटर व बालविभागातले पीसी वायफायवरून त्यालाच जोडलेत. रोज कुणीतरी लॉगिन करून झॅम्पचं कंट्रोल पॅनेल उघडायचं, अपाची आणि मायएसक्यूएलचं स्टार्ट दाबायचं, लाइट गेली की परत तेच. ग्रंथपाल ताई रजेवर असल्या की सभासद ताटकळत उभे. सर्व्हिस केलं तर सुटेल का हे? वर्गणीच्या सगळ्या नोंदी त्यातच आहेत, हात लावायला भीती वाटते.

घाटमाथा: सर्व्हिसच करा दादा. दुसरी माणसं अवलंबून आहेत ना, मग विषय संपला. सर्व्हिस म्हणजे विंडोज मागच्या मागे चालवतं तो प्रोग्राम, ती लॉगिनची वाट बघत नाही, विंडोज उठलं की तीही उठते. दोन्ही स्टॉप करा, कंट्रोल पॅनेल रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करून उघडा, डावीकडे सर्व्हिसच्या रकान्यात लाल फुली आहे त्यावर क्लिक केलं की हिरवी खूण येते, मग स्टार्ट. नंतर विंडोजच्या सर्व्हिसेस यादीत अपाची आणि मायएसक्यूएल दिसतील, तिथे स्टार्टअप ऑटोमॅटिक आहे ना बघा आणि रिकव्हरी टॅबमध्ये रीस्टार्ट द सर्व्हिस निवडा, म्हणजे मधेच बंद पडली तरी विंडोज स्वतः उठवेल. बायोसमध्ये (पीसी चालू होताना विंडोजच्या आधी उघडतात त्या सेटिंग) लाइट परत आल्यावर पीसी आपोआप चालू व्हायची सेटिंग असते तीपण लावा, आणि स्लीप बंद करा, पीसी झोपला की सर्व्हिसही झोपते.

सिस्टीमवाली: आधी बॅकअप!! पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून (झॅम्पसोबत येणारं डेटाबेस हाताळायचं वेब पान) एक्सपोर्ट करून पेन ड्राइव्हवर घ्या. मायएसक्यूएल चालू असताना त्याचं डेटा फोल्डर कॉपी केलं तर तो बॅकअप धरू नका. सर्व्हिसचा आणखी एक फायदा म्हणजे शटडाउन करताना विंडोज तिला आधी कळवतं, डेटाबेस नीट मिटायला वेळ मिळतो. नुसतं अ‍ॅप्लिकेशन म्हणून चालू असेल तर पीसी बंद करताना त्याचा गळाच दाबला जातो आणि सकाळी शटडाउन अनएक्स्पेक्टेडली हा लाल मेसेज. अचानक लाइट गेली तर मात्र दोन्ही सारखेच, तिथे यूपीएसच हवा.

ग्रंथमित्र_सातारा: धन्यवाद ताई. आमचा प्रोग्राम रात्री झेड ड्राइव्हवर, म्हणजे काउंटरच्या पीसीवर, बॅकअप टाकतो आणि वर्गणीची पावती पण छापतो. ते चालू राहील ना?

सिस्टीमवाली: बरं झालं विचारलंत, नेमकं इथेच अडतं. झेड ड्राइव्ह तुमच्या लॉगिनचा आहे. सर्व्हिस लोकल सिस्टीम नावाच्या वेगळ्या खात्याखाली चालते, तिला झेड दिसतच नाही. बॅकअपचं काम टास्क शेड्युलरमध्ये तुमच्याच युजरच्या नावाने लावा, रन व्हेदर युजर इज लॉग्ड ऑन ऑर नॉट निवडा आणि झेड ऐवजी दोन बॅकस्लॅश, पीसीचं नाव, शेअरचं नाव असा पूर्ण पाथ द्या. पावती ब्राउझरमधून प्रिंट देत असाल तर काही बदलत नाही, पण पीएचपी थेट डीफॉल्ट प्रिंटरला पाठवत असेल तर अडेल, कारण तुमच्या लॉगिनचा डीफॉल्ट प्रिंटर त्या खात्याला लागू नसतो.

बोरिवली_लोकल: मी लॅपटॉपवर कोडिंगसाठी वापरतो तिथे मुद्दाम अ‍ॅप्लिकेशनच ठेवलंय, लागेल तेव्हा चालू, नाहीतर बंद. तुमचं वेगळं, तुम्ही सर्व्हिस करा. पण झॅम्पमध्ये रूटला, म्हणजे डेटाबेसच्या मुख्य युजरला, पासवर्डच नसतो आणि ते मुळात डेव्हलपमेंटसाठी बनवलंय, आता ते दिवसरात्र चालू राहणार. रूटला पासवर्ड लावा, प्रोग्रामसाठी वेगळा युजर करा, फायरवॉलमध्ये फक्त प्रायव्हेट नेटवर्क ठेवा आणि कुणी कितीही म्हटलं तरी घरून बघता यावं म्हणून राउटरवर पोर्ट (इंटरनेटवरून आत यायची वाट) उघडू नका, सभासदांचे पत्ते फोन आहेत त्यात.

ग्रंथमित्र_सातारा: पावती ब्राउझरमधूनच निघते, बघितलं आत्ता. साप्ताहिक सुट्टीला बसतो, आधी बॅकअप मग बाकीचं. यूपीएससाठी कमिटीकडे अर्ज टाकतोय.

घाटमाथा: अर्जात राउटर पण त्याच यूपीएसवर घ्यायचं लिहा, नाहीतर लाइट गेल्यावर सर्व्हर चालू आणि वायफाय बंद.