बी.एड.ला कॉम्प्युटर मेथड: पाठटाचणात एआय किती वापरायचं?

सरावपाठ_चालू:
नमस्कार मंडळी, बी.एड. दुसरं वर्ष, कॉम्प्युटर मेथड. आमच्यातले बरेच जण टाचण (तासाचा लेसन प्लॅन) सरळ चॅटजीपीटीकडून लिहून घेतात, उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, फलकलेखन सगळं रेडी, वर सही पण मिळते. मी अजून हातानेच लिहितेय, वेडेपणा करतेय का? पुढच्या आठवड्यात सीबीएसई शाळेत अकरावीला पायथनच्या लिस्ट घ्यायच्यात.

चहा_आणि_कंपायलर:
ताई, टाचणं आधीही सीनियरच्या वहीतूनच उतरायची, त्याचं एवढं काय नाही. पण पोरं कुठे अडकणार ते त्यात नसतं ना. मार्क्स नावाची लिस्ट घ्या, खाली कॉपी = मार्क्स लिहा आणि कॉपीत एक आकडा ॲपेंड करा (म्हणजे शेवटी जोडा), तो मार्क्समध्येही दिसतो, कारण लिस्ट एकच आणि नावं दोन. पोरांना वाटतं झेरॉक्स निघाली. बॉटला सांगा, तू अकरावीतला मुलगा, तुला झेरॉक्सच वाटते, मी समजावते, आणि मग समजावून बघा.

सरावपाठ_चालू:
केलं सर 😀 दोन वाक्यांत "समजलं मॅडम, धन्यवाद" म्हणतो. अशी पोरं कुठल्या शाळेत असतात?

स्टेटबोर्डवाला:
हाहा, बॉटला लगेचच पटतं. मी भावी शिक्षकांना उलटं करायला लावतो, बॉटकडून चुकीचा कोड मागवायचा. पायथनच्या रेंज(१, १०) मध्ये १० पण येतो (खरं तर ९ पर्यंतच) असं समजणाऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम, किंवा सी++ मध्ये इफच्या कंसात तुलनेच्या दोन बरोबर चिन्हांऐवजी एकच टाकून एक्स = ५ केलेला (कंपाइल होतो आणि अट कायम खरी, पायथन तिथे एरर तरी देतो). मग रन न करता ओळखायचं की लिहिणाऱ्याच्या डोक्यात काय होतं. शिक्षकाचं खरं काम हेच. ८०८५ या मायक्रोप्रोसेसरचे प्रोग्रॅम मागवलेत तर मात्र सिम्युलेटरवर चालवल्याशिवाय वर्गात नेऊ नका, ८०८६ या दुसऱ्या प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शन पण घुसवतो मधेच.

लॅब_असिस्टंट:
डेमोच्या आधी एडिटरमधला कोपायलट (आपोआप कोड सुचवणारा एआय) बंद करा प्लीज. तुम्ही फॉर टाइप करताय तोवर अख्खा लूप राखाडी अक्षरात हजर, मग पोरं तुमचं ऐकणार की ते वाचणार.

सरावपाठ_चालू:
ओके करते. आणि पायथन ट्यूटर (कोड ओळीओळीने चित्रात दाखवणारी साइट) दाखवू का?

चहा_आणि_कंपायलर:
दाखवाच, दोन्ही नावांचे बाण एकाच लिस्टकडे जाताना दिसतात. फक्त स्क्रीनशॉट काढून न्या, लॅबच्या नेटचा काय भरवसा.