पहाटे चारला उठणारेच पुढे जातात, हे कोणी ठरवले?

मूळ नोंद: सदाशिवकाका, रामबाग

परीक्षेत वरच्या क्रमांकांवर आलेल्या मुलांच्या मुलाखती वाचाव्यात. त्यांतील बहुतेक मुले पहाटे चारला उठणारी असतात. आमच्या पिढीला चार-पाच तासांची झोप पुरत असे आणि ताण कशाशी खातात हे आम्हांला ठाऊक नव्हते. आजचे पालक मुलांना आठ तास लोळू देतात आणि मग ती परीक्षेत कच खातात. आता मानसशास्त्रही हेच सांगू लागले आहे.

अनघा, राजेंद्रनगर

काका, शेवटचे वाक्य नसते तर मी गप्प बसले असते. परंतु पहिल्या वर्षाच्या मुलांना हाच विषय शिकवत असल्यामुळे ते सोडून देणे मला जमत नाही. यशस्वी मुलांनाच विचारून यशाचे कारण ठरत नसते. पहाटे चारला उठूनही नापास झालेल्या मुलाची मुलाखत कोणीच छापत नाही, त्यामुळे तो आपल्या हिशेबात येतच नाही. शिवाय आपण उठण्याची वेळ सांगता, निजण्याची सांगत नाही. नऊला निजलेला मुलगा चारला उठला तर त्याची सात तास झोप झालेली असते. पण ज्या इंदुरात घरचीच मंडळी मुलांना घेऊन रात्री बाराला सराफ्याच्या खाऊबाजारात गराडू, म्हणजे तळलेला कंद, खायला जातात, तेथे चारचा गजर म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको.

दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. निद्रासंशोधक डॅनियल क्रिपके यांनी २००२ मध्ये अकरा लाखांहून अधिक अमेरिकनांची माहिती तपासली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण सात तास झोपणाऱ्यांत सर्वांत कमी आणि आठ तास किंवा अधिक झोपणाऱ्यांत त्याहून जास्त आढळले. याचा अर्थ गजर तासभर अलीकडे ओढला की आयुष्य वाढते असा नव्हे, कारण आजारी माणूसही जास्त झोपतो. कारण शोधायचे तर गट आपण पाडावे लागतात. व्हॅन डोंगेन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४८ निरोगी प्रौढांपैकी कोणाला रात्री चार, कोणाला सहा, तर कोणाला आठ तास असे १४ दिवस झोपू दिले आणि एका गटाला सलग तीन रात्री जागवले. सहा किंवा त्याहून कमी तास मिळालेल्यांची कामगिरी दोन रात्रींपर्यंत अखंड जागल्याइतकी ढासळली, आणि आपण इतके ढासळलो आहोत याची त्यांना स्वतःला फारशी जाणीवच नव्हती. 'मला चार तास पुरतात' या वाक्याचे वजन किती धरायचे, ते आपणच ठरवा.

सदाशिवकाका

अनघाताई, अठ्ठेचाळीस अमेरिकन म्हणजे सगळे जग नव्हे. माझे वडील गिरणीत तिसऱ्या पाळीला जात, दिवसा वाड्यातल्या गोंगाटात जेमतेम झोपत, आणि त्यांनी पाच मुलांना शिकवले. आपल्याच शास्त्रातले एबिंगहाउस महाशय १८८५ मध्ये विस्मरणाचा नियम मांडतात, तो एकट्या स्वतःवर प्रयोग करून! त्यांचा एकट्याचा अनुभव शास्त्र ठरतो आणि माझा तेवढा गप्पा, हा न्याय मला कळला नाही.

अनघा

प्रश्न चांगला आहे, हे मान्य करणे भाग आहे. एबिंगहाउस यांनी पाठ करायची निरर्थक अक्षरे आधी तयार केली, किती वेळाने पुन्हा तपासायचे ते आधी ठरवले आणि लागलेला वेळ त्याच क्षणी लिहून ठेवला. म्हणूनच शंभराहून अधिक वर्षांनी इतरांना तो प्रयोग जसाच्या तसा करून पाहता आला. जेंकिन्स आणि डॅलेनबाख यांच्या १९२४ च्या प्रयोगातही दोनच विद्यार्थी होते. पाठांतरानंतर झोपले तर कमी विसरते आणि जागे राहिले तर जास्त, असे त्यांत आढळले, आणि तेही पुढे इतरांनी तपासले. आपण मात्र तारुण्यातील झोप आज आठवून सांगत आहात. वडिलांविषयी मला आदर आहे, परंतु पुरेशी झोप मिळाली असती तर त्यांना किती कमी सोसावे लागले असते, हा प्रश्न उरतोच.

विक्रांत, भंवरकुआं

मी कोचिंगमध्ये शिकवतो, त्यामुळे शिव्या कोणाला पडणार हे मला आधीच ठाऊक आहे. चाचण्या वाढवल्या तर आम्ही मुलांचे शत्रू ठरतो आणि कमी केल्या तर तेच पालक मुलाला शेजारच्या क्लासमध्ये घालतात. थोडा ताण हवाच, हे यर्किस आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्येच दाखवले आहे.

मीनल, सुखलिया

त्यांनी दाखवले ते उंदरांवर. पांढरी आणि काळी पेटी ओळखताना चुकलेल्या उंदराला विजेचा धक्का बसे. ओळखणे सोपे असेल तर जोरदार धक्क्याने शिकणे वेगाने होई. ओळखणे अवघड केले की मध्यम धक्काच उपयोगी पडे. आपल्या मुलांचा अभ्यास त्या पेट्यांपेक्षा सोपा आहे असे आपण समजत असाल, तर बोलणेच खुंटले.

श्रीरंग, पलासिया

ताणाविषयी बोलायचेच तर जबाबदारीचा ताण कोणाला असतो तेही बोलू. मी बँकेत शाखा सांभाळली आहे. कारकून पाचला घरी जात आणि हिशेब जुळेना की रात्र माझी जाई. जोसेफ ब्रेडी या संशोधकांनी १९५८ मध्ये माकडांच्या जोड्या घेतल्या होत्या. जोडीतील एकाने वेळेवर खटका दाबला की दोघांचाही धक्का टळे, दुसऱ्याच्या हाती काहीच नसे. पोटात व्रण झाले ते खटका सांभाळणाऱ्याला. माझ्याही झाले.

मीनल

माकडांची निवड कशी झाली होती, ते आपण सांगितले नाही. आधीच्या चाचणीत जी माकडे खटका भराभर दाबत होती, तीच खटक्यापाशी बसवली गेली. म्हणजे मुळात अधिक धडपडी माकडे एका बाजूला गेली. पुढे 'जे वाइस' नावाच्या संशोधकांनी उंदरांच्या वाटण्या चिठ्ठ्यांप्रमाणे केल्या तेव्हा निकाल उलटा आला. धक्का थांबवण्याचा उपाय ज्यांच्या हाती होता त्यांना व्रण कमी झाले, असहाय जोडीदारांना जास्त. लंडनच्या सरकारी नोकरांचा १९६७ मध्ये सुरू झालेला व्हाइटहॉल अभ्यासही पाहा: हृदयविकाराने मृत्यू खालच्या श्रेणीत अधिक आढळले. मी कारकून आहे, आणि पाचला घरी गेल्याचे मला आठवत नाही.

श्रीरंग

खालच्या श्रेणीतील लोक सिगारेटी अधिक ओढत असतील. अनघाताईंचा नियम फक्त काकांनाच लागू आहे काय?

मीनल

ओढत होतेच. धूम्रपान, रक्तदाब वगैरे सर्व हिशेबात धरूनही तफावतीचा मोठा भाग उरला. आपले व्रण खरे होते, साहेब, परंतु सही करण्याचा अधिकारही आपलाच होता. आमच्या वाट्याला नुसती वाट पाहणे येत असे.

श्रीरंग

ठीक आहे, माझ्या व्रणांची चौकशी समिती येथेच बरखास्त करावी.

वैशाली, लोकमान्यनगर

माकडांचे आटोपले असेल तर माझ्या मुलाविषयी बोलू. तो सतरा वर्षांचा आहे, रात्री अकराच्या आत त्याचा डोळा लागत नाही आणि विक्रांत सरांसारख्यांच्या क्लासची बॅच सकाळी साडेसहाला असते. मी त्याला आळशी म्हणत असे.

अनघा

वहिनी, त्या वयात शरीराचे घड्याळच उशिराकडे सरकते, आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असे अमेरिकेतील निद्रावैद्यांची संस्था सांगते. सिएटलमध्ये २०१६ साली माध्यमिक शाळा ७:५० ऐवजी ८:४५ ला भरवू लागले, तेव्हा मुलांची झोप रोज सुमारे ३४ मिनिटांनी वाढली. सवलतीचा वेळ सगळा मोबाइलवर गेला नाही.

विक्रांत

मी साडेआठची बॅच काढीन, पण ती भरणार नाही. पालक पहिला प्रश्न विचारतात तो सर्वांत लवकरची बॅच कोणती, हा.

अनघा

मग बॅच निवडू देऊ नका. तयार असलेल्या पालकांच्या मुलांची नावे चिठ्ठीत घाला आणि अर्धी मुले इकडे, अर्धी तिकडे पाठवा.

सदाशिवकाका

माझ्या नातवाचेही नाव घाला. साडेआठची बॅच जिंकली तर मी मान्य करीन की अमेरिकन झोप इंदुरातही चालते. दोन्ही बॅचमधील मुलांना निजण्याची वेळ विचारायचे काम मात्र माझे.

अनघा

विचारा, पण रोज आणि निकालाच्या आधी. निकाल लागल्यावर विचारलेत तर पास झालेले सगळेच चारला उठलेले निघतील.