सशांसाठी १२ फूट-पाउंड (छर्ऱ्याच्या ऊर्जेचं माप) पुरे, की जास्त ताकदीची एअरगन घ्यावी?

नॉरफकवासी:
ओळखीच्या शेतकऱ्याने कोवळ्या गव्हात घुसणारे ससे मारायला लेखी परवानगी दिली आहे. इंग्लंडमध्ये १२ फूट-पाउंडांपर्यंतच्या (साधारण १६ ज्यूल) एअर रायफलला परवाना लागत नाही, त्यावर गेलं की पोलिसांचं फायरआर्म सर्टिफिकेट. माझं मत, १२ पुरे. डोळा आणि कान यांच्या मधोमध छर्रा बसला की ससा जागीच पडतो. ती जागा आपल्या दहाच्या नाण्याएवढी. ३० यार्डांवर पाचही छर्रे तेवढ्यात बसत नसतील, तर ताकद वाढवून काय होणार?

रानमाळ:
दादा, नाही पटलं. उघड्या रानात ससा ३० यार्डांवर येऊच देत नाही. १२ ची .२२ (नळीचा व्यास, इंचात) रायफल सोळा ग्रेनचा (साधारण एक ग्रॅमचा) छर्रा सेकंदाला ५७० फुटांच्या आसपास फेकते. ३० वर झिरो केली (नेम त्या अंतराला जुळवला) तर ४५ वर तो चार इंच खाली लागतो. अंदाज पाच यार्डांनी चुकला की मेंदूऐवजी जबडा फुटतो, आणि तो ससा बिळात जाऊन दिवसभर तडफडतो. मी पाहिलंय ते. ३० फूट-पाउंडांची रायफल घेतल्यापासून असं झालेलं नाही.

नॉरफकवासी:
जबड्याचं वाचून वाईट वाटलं. पण तो दोष अंतराच्या अंदाजाचा. ४५ वर मारायचंच कशाला? सरपटत दहा यार्ड पुढे जा, नाहीतर सोडून दे. हवंच असेल तर .१७७ घे, तिचा छर्रा बराच कमी खाली येतो.

गोठेवाली:
माझं काम दूध-गोठ्यात, उंदीर दहा-बारा यार्डांवर. तिथे १२ सुद्धा जपून वापरावी लागते! चुकलेला छर्रा गंजक्या पत्र्यातून आरपार जाऊ शकतो किंवा काँक्रीटवरून उडून गायीकडे येतो. रानमाळ, तुमच्या ३० च्या छर्ऱ्यामागे काय आहे ते दर वेळी बघता ना?

रानमाळ:
बघतो ताई. मागे मातीचा चढ नसेल तर चाप ओढत नाही. वाऱ्याचा मुद्दा मात्र राहिलाच. हलका .१७७ वाऱ्यात जास्त ढकलला जातो, आणि इथे इंग्लंडच्या नॉरफक परगण्यात वारा रोजचाच.

देवगडकर:
आमच्या कलमांत वानर येतात. भारतात २० ज्यूलखालची .१७७ ची एअरगन विनापरवाना मिळते म्हणे. ती चालेल का?

गोठेवाली:
नको हो काका. बंदुकीला परवाना लागत नसला तरी भारतात वानर आणि रानससा दोन्ही १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. जखमी करणं हीसुद्धा शिकारच धरतात.

नॉरफकवासी:
रानमाळ, वाऱ्याचं मान्य. वारा असेल त्या दिवशी मी २५ च्या पुढे मारणार नाही. १२ वरच राहतो, फक्त प्रत्येक नव्या छर्ऱ्याला क्रोनोग्राफ (वेग मोजायचं यंत्र) लावीन. जड छर्ऱ्याने पीसीपीची (आधीच दाबाखाली हवा भरलेल्या रायफलची) ताकद वाढते, मर्यादेवर गेली तर तो गुन्हा.