घड्याळ लावून केलेल्या व्यायामातून प्रगती कळते का?

मांजलपूरकर: "अंग हलके वाटले की प्रगती झाली, घड्याळ लावून धावणे हे खूळ आहे," असे काल येथे कोणी लिहिले, ते मला मुळीच पटलेले नाही. अंग हलके वाटणे रात्रीच्या झोपेवर आणि सकाळच्या चहावरही अवलंबून असते. डॉ. केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या चाचणीत बारा मिनिटांत किती अंतर कापले, एवढेच पाहायचे असते. मार्ग तोच, वेळ तीच ठेवून दीड-दोन महिन्यांनी पुन्हा धावले की खरे काय ते वहीत दिसते.

रावपुरेकर: वडोदऱ्यात जानेवारीची सकाळ आणि मेची सकाळ सारखीच असते का? उकाड्यात अंग थंड राखण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, त्यामुळे वेग तोच असला तरी नाडी जलद चालते आणि दमही लवकर लागतो. मे महिन्यात कमाटीबागेत अंतर घटलेले पाहून माझ्या धाकट्या भावाने धावणेच सोडले.

मांजलपूरकर: मेची तुलना जानेवारीशी केली, यात घड्याळाचा काय दोष?

दांडियाबाजारकर: धावण्याचे सोडा, सूर्यनमस्कारांचे काय? रथसप्तमीला १०८ नमस्कार आधी कोण संपवतो, याचीच चढाओढ लागते. साष्टांगात छाती जमिनीला टेकत नाही, कोपरे फाकलेली असतात, श्वासाचा तर पत्ताच नसतो. जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या गावात हे पाहवत नाही.

मांजलपूरकर: अपुरा नमस्कार मोजूच नये.

दांडियाबाजारकर: मोजणार कोण? आमच्या जवळच्या एका व्यायामशाळेत शिक्षक मोबाइलमध्ये डोके घालून आकडे म्हणतात आणि अर्ध्या बैठकाही पूर्ण धरतात! घड्याळ आले की माणूस आधी आकाराला कात्री लावतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तुम्ही वहीत लिहिता ती प्रगती नसून घाई आहे.

मांजलपूरकर: माझी वही न पाहता असा आरोप करू नका.

फतेगंजकर: माझ्या आईचे गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यावर ती "बरी आहे" एवढेच सांगत असे. फिजिओथेरपिस्टताईंनी तिला खुर्चीतून उठवून तीन मीटर चालत जाऊन परत येऊन बसायला लावले आणि वेळ मोजली. बारा सेकंद किंवा अधिक लागल्यास पडण्याचा धोका मानतात. आईला त्याहून बराच वेळ लागला. तेव्हाच तिच्या हाती काठी आली.

रावपुरेकर: रुग्णांपुरते मान्य करावे लागेल. निरोगी माणसाने रोज उठून स्वतःला तपासण्याची गरज मला अजूनही दिसत नाही.

मांजलपूरकर: रोज मोजा, असे मी लिहिलेलेच नाही. मात्र यापुढे अंतराशेजारी तापमान आणि नाडीही लिहीन.

दांडियाबाजारकर: आणि नमस्कार?

मांजलपूरकर: ते घड्याळावर करू नयेत, एवढे तुमचे खरे.