तो मरायला गेला नव्हता

‘इव्हान टॅनर वाळवंटात मरायलाच गेला होता, त्याच्यावरचा माहितीपट ते उगाच झाकतो’ हे कुणीतरी मांडलेलं मत मला अजिबात पटत नाही. २००५ मध्ये यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढतींमधला मिडलवेट (मधल्या वजनगटाचा) किताब जिंकलेला, व्हिडिओ कॅसेट बघून प्रतिस्पर्ध्याला जखडण्याचे डाव शिकलेला हा माणूस. सप्टेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो व्हर्डेजवळच्या वाळवंटात तो मोटरसायकलवर एकटाच तळ ठोकायला गेला. तळापासून तो पाण्याच्या शोधात पायी निघाला आणि अडचणीत असल्याचे मेसेज त्याने मित्राला पाठवले. मरायला निघालेला माणूस पाणी शोधतो का? मृत्यू उष्माघाताने झाला, पारा ४६ अंशांच्या वर होता.

चंद्रपूरला मे महिन्यात एकदा जंगलात दुपारी दोन लिटर पाणी दीड तासात संपलं. घाम येणंच थांबलं, जीभ टाळूला चिकटली, आणि समोरची ओळखीची पायवाट मला ओळखू येईना. सोबतच्या वनमजुराने हाताला धरून सावलीत बसवलं, डोक्यावर ओला पंचा टाकला, म्हणून वाचलो. मी काही कमकुवत नव्हतो, रोज तालमीत जायचो. टॅनरजवळ त्या दिवशी असा हात धरणारं कुणी नव्हतं. माहितीपट बघताना मला सारखं तेच आठवत होतं.