मदत हवी आहे: 'तिलावा' बोटीवरच्या (१९४२) खलाशांची नावं कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी,

माझ्या आजीचे वडील गुहागरकडचे. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या 'तिलावा'वर खलाशी होते, बोटीबरोबरच गेले. त्यांचं एक पोस्टकार्ड तेवढं घरात उरलंय. शाई फुटलीय, पण वाचता येतं: "तिलावावर लागलो. दिवाळीचे पैसे पोचले का ते कळवणे." आजी तेव्हा चार वर्षांची होती.

जुळवलेली माहिती अशी. तिलावा १९२४ची, दहा हजार टनांची, मुंबईहून आफ्रिकेला जाणारी उतारूंची बोट. २० नोव्हेंबर १९४२ला ७३२ उतारू आणि २२२ खलाशी-कामगार घेऊन मोंबासा-दरबानकडे निघाली. २३च्या पहाटेआधी, सेशेल्सपासून ईशान्येला सुमारे ९३० मैलांवर, जपानी पाणबुडी आय-२९ने तिच्यावर टॉर्पेडो सोडला. लोक होड्यांत उतरले. बोट तरंगतेय असं बघून काही जण परत वर चढले आणि दुसरा टॉर्पेडो बसला. २८० माणसं गेली. वाचलेल्यांपैकी बहुतेकांना 'बर्मिंगहॅम' या युद्धनौकेने २७ तारखेला मुंबईत आणलं. याच आय-२९ने पुढच्या एप्रिलमध्ये नेताजींना जर्मन पाणबुडीवरून आपल्याकडे घेतलं. हे आजीला सांगितलं, ती बराच वेळ काही बोलली नाही.

पंचांग पाहिलं तर ती त्रिपुरारी पौर्णिमेची रात्र. तिथी माहीत नव्हती म्हणून आम्ही इतकी वर्षं सर्वपित्रीलाच त्यांचं पान वाढतो.

बोटीत चांदीच्या २३६४ लगडी होत्या. २०१७मध्ये त्या समुद्रतळातून वर काढल्या, मालकी कुणाची यावर खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. लगडींचा हिशेब इतका चोख, मग खलाशांची नावंही कुठेतरी लिहिलेली असणारच.

दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या व्यापारी जहाजांवरच्या भारतीय खलाशांच्या नावांचं स्मारक-पुस्तक मुंबईत आहे. ते कुणी प्रत्यक्ष पाहिलंय का? आधी परवानगी काढावी लागते का? नावं बोटीप्रमाणे लावलीत की आडनावाप्रमाणे? आमच्या माणसाचं नाव इंग्रजीत कसं लिहिलं असेल सांगता येत नाही, म्हणून वडिलांचं नाव किंवा गावही दिलंय का, तेही कळवा. लंडनच्या दफ्तरात बोटीची हजेरी मागवण्याचा कुणाला अनुभव असेल तर अर्ज कसा केलात ते सांगा. रत्नागिरी, गोव्याकडच्या कुणाच्या घरी तिलावाचं नाव निघत असेल, तर त्यांनी जरूर लिहावं.

आजीला प्रवास झेपत नाही. पुस्तकात त्यांचं नाव असलेल्या पानाचा फोटो मिळाला तरी चालेल.