पाळी गेल्यावर हाडांसाठी व्हे प्रोटीन: गरज की नुसता खर्च?

कृष्णाकाठ
पन्नाशी ओलांडलेल्या बायकांना हल्ली 'हाडांसाठी घ्या' म्हणून व्हे प्रोटीनची, म्हणजे दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांची पावडर सर्रास सुचवली जाते. हाडांच्या नावाने ती विकणं मला चूक वाटतं. पाळी जाते तेव्हा इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं आणि हाड झिजवणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो. पहिल्या ५ ते ७ वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत उतरू शकते. या झिजेचं मूळ संप्रेरकात आहे, ती चमचाभर पावडरीने कशी थांबेल? ऑस्ट्रेलियात ७० ते ८० वयाच्या २१९ स्त्रियांवर प्रयोग झाला, निष्कर्ष २०११ मध्ये आले. रोज ३० ग्रॅम व्हे प्रोटीन, तेही दोन वर्षं. घनतेत आणि हाडाच्या ताकदीत काहीही फरक पडला नाही.

शेवगा
प्रयोग खरा, पण त्यातल्या स्त्रिया मुळात पुरेशी प्रथिनं खाणाऱ्या होत्या. भरल्या घड्यात पाणी ओतून घडा भरत नाही, असा निष्कर्ष काढण्यासारखं झालं हे. आपल्याकडच्या ५५ किलोच्या बाईचं ताट मोजा. दोन चहातलं दूध ३ ग्रॅम, शेंगदाणे घातलेले पोहे ६, दोन पोळ्या साडेसहा, २० ग्रॅम डाळीचं पातळ वरण साडेचार, भात ३, एक भाकरी ५, दोन्ही वेळच्या भाज्या ४, पाणीदार ताक १. बेरीज ३३. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅमच्या हिशेबानेही ४६ हवेत. युरोपातले अस्थितज्ज्ञ पाळी गेलेल्या स्त्रियांना किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सांगतात, म्हणजे ५५ ते ६६. निम्मं ताट रिकामं असताना 'गरज नाही' कसं म्हणता? हाडाच्या आकारमानाचा जवळपास अर्धा भाग प्रथिनांचाच असतो. कॅल्शियम त्या जाळीवर बसतं, जाळीच विरळ असेल तर बसणार कुठे?

कृष्णाकाठ
तूट आहे हे मान्य. पण ती भरायला डबाच कशाला? वरणाची डाळ २० वरून ४० ग्रॅम केली की साडेचार ग्रॅम वाढले. ३०० मिली दूध किंवा त्याचं दही, १० ग्रॅम. पन्नास ग्रॅम पनीर, ९. मूठभर शेंगदाणे, ६. झाले ६२. शिवाय दूध-पनीर मिळून ५०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम मिळालं. पाळी गेल्यावर रोजची गरज १२०० मिलिग्रॅम आहे, आणि पावडरीच्या एका मापात साधारण १००-१५० असतं. हाडांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

ओवी
कृष्णाकाठ यांच्या बाजूने आणखी एक. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ६० वृद्धाश्रमांतला मोठा अभ्यास आला, ७ हजारांवर रहिवासी, बहुसंख्य स्त्रिया. जेवणात दूध, दही, चीज वाढवून प्रथिनं किलोमागे १.१ ग्रॅमपर्यंत आणि कॅल्शियम ११४२ मिलिग्रॅमपर्यंत नेलं. अस्थिभंग ३३ टक्क्यांनी घटले, खुब्याचे ४६ टक्क्यांनी. त्यांचं ड जीवनसत्त्व आधीच पुरेसं होतं, हे विसरू नये. ते रक्तात मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर खाल्लेलं कॅल्शियम नीट शोषलंच जात नाही.

शेवगा
ओवी, हा अभ्यास माझीही बाजू मांडतो: तूट भरली की हाडं वाचतात. त्यात पडण्याचं प्रमाणही ११ टक्क्यांनी कमी झालं. खुबा मोडतो तो बहुधा पडल्यावर, आणि पाय सावरतात ते स्नायू. प्रत्येक मुख्य जेवणात २०-२५ ग्रॅम चांगली प्रथिनं असावीत असं ते युरोपीय तज्ज्ञ सांगतात. सत्तरीच्या, कवळी लावणाऱ्या, चार घास खाऊन हात धुणाऱ्या बाईला शेंगदाणे आणि घट्ट वरण कितपत झेपेल? तिच्यासाठी ३० ग्रॅमचं एक माप ताकात घातलं की २४ ग्रॅम पोटात जातात. हा पर्याय तिच्याकडून काढून घेऊ नका. उकळत्या दुधात मात्र टाकू नका, व्हे सत्तर अंशांच्या पुढे गोठतं आणि गाठी होतात. आधी गार पाण्यात कालवून मग कोमट दूध घाला. पोट फुगत असेल तर पहिला आठवडा अर्धं माप.

ओवी
बरेच जण पनीर करून उरलेली निवळी 'घरचं व्हे' म्हणून पितात. दूध उकळल्यावर व्हेची बहुतेक प्रथिनं केसीनला (दुधातल्या मुख्य प्रथिनाला) चिकटून पनीरमध्येच जातात. लिंबामुळे सुटलेलं थोडं कॅल्शियम निवळीत उतरतं, म्हणून तिच्यात कणीक भिजवा. पण प्रथिनांसाठी तिच्यावर विसंबू नका.

मेथीदाणा
डबा घेणाऱ्यांनी पुढचं अक्षर नव्हे, मागचा तक्ता वाचावा. बायकांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पावडरींत माल्ट आणि साखर पहिल्या क्रमांकावर असते. 'दर मापामागे' किती ग्रॅम प्रथिनं ते पाहा, आणि २४ ग्रॅम व्हेमागे ल्युसीन (स्नायूंना लागणारं अमिनो आम्ल) अडीच ग्रॅमच्या आसपास आहे का तेही. फार कमी असेल किंवा घटकांत ग्लायसीन, टॉरिन अशी स्वस्त अमिनो आम्लं वेगळी टाकलेली दिसली, तर प्रथिनांचा आकडा फुगवलेला असण्याची शंका घ्यावी.

गोंधळ सगळ्यात जास्त वेळांचा होतो. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी यांत चार तास हवेत. अ‍ॅलेंड्रोनेट (हाडांची झीज रोखणारी गोळी) सकाळी उपाशीपोटी, फक्त साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास काही न खाता आणि आडवं न होता. ही गोळी दुधाबरोबर घेतली तर वाया जाते. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत, एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही. गोळीवर १२५० लिहिलेलं असेल तर त्यात कॅल्शियम ५०० असतं.

कृष्णाकाठ
शेवगा, कमी खाणाऱ्या वृद्धेचा मुद्दा पटला. तिच्यासाठी पावडर हे अन्न आहे, असं म्हणेन. पण डेक्साचा (हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा) टी-स्कोर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे अडीच किंवा त्याखाली आला असेल तर तिथे ना पावडर पुरेशी ना पनीर, औषधच लागतं. डबा हाती आला म्हणून ते पुढे ढकललं जातं, माझी तक्रार त्यावर आहे.

शेवगा
त्यावर दुमत नाही. आणि रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा घटक) वाढलेलं असेल तर डबा उघडण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. मूत्रपिंड अधू असताना प्रथिनांची मर्यादा वेगळी असते, वरचे आकडे तिथे लागू नाहीत.